ड्यूक एलिंग्टनचा फड

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ड्यूक एलिंग्टनच्या हस्तलिखितांचा फार मोठा साठा आहे. 1988 साली तो तिथं आला. त्यातली काही पानं आता नारायणगावात बसूनही मोबाइलच्या पडद्यावर पाहता येतात. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या कागदावर एरवी वाद्याचं नाव असतं : पहिला ट्रंपेट, दुसरा ट्रंपेट, बॅरिटोन सॅक्सोफोन. एलिंग्टनच्या कागदांवर माणसांची नावं दिसतात. कूटी. रेक्स. ट्रिकी. जॉनी हॉजेसला बँडमध्ये ‘रॅबिट’ म्हणत, म्हणून त्याच्या ओळीवर नुसतं ‘रॅब’. हा स्वर ट्रंपेटनं वाजवायचा आहे एवढं ठरवून एलिंग्टन थांबत नसे. तो कोण वाजवणार, त्याचा श्वास केवढा, त्याच्या सुरात खर किती, तो कुठं हमखास चमकतो आणि कुठं अडतो, हे मनात धरूनच तो पेन उचलत असे.

विसाव्या शतकातला हा मोठा जॅझ संगीतकार जुन्नर-आंबेगावच्या मुलांना शिकवायचा, तर माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. जॅझचा इतिहास, न्यू ऑर्लिन्स, स्विंगचा काळ, हे सगळं नंतर येऊ शकतं. ज्या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात त्याच्या परिसरातल्या मुलांना माणूस पाहून रचलेलं संगीत म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटीची माणसं येतात, बोलणी होतात, सुपारी ठरते. त्या बोलण्यांत वगाच्या नावाइतकीच चौकशी माणसांची असते. यंदा ढोलकीवर कोण आहे? सोंगाड्या तोच आहे ना? गाणारी कोण? फडाचा मालक आणि वग लिहिणारा दोघंही जाणून असतात की अमुक लावणी अमुक बाईच्याच गळ्याला शोभते, तिची पट्टी ठरलेली, आणि ती फड सोडून गेली तर ती लावणी एक तर बाजूला ठेवायची, नाही तर नव्यानं बांधायची.

एलिंग्टनचा वाद्यवृंद असाच एक फड होता. 1920च्या दशकात त्यानं तो उभा केला आणि 24 मे 1974 रोजी मृत्यू येईपर्यंत चालवला. बहुतेक रात्री नवं गाव. मोठ्या बँडांचे दिवस सरले, दुसऱ्या मालकांनी आपापले बँड मोडले, तेव्हाही एलिंग्टन स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून वादकांचे पगार भागवत राहिला, कारण आज लिहिलेलं उद्या कानांनी ऐकायला त्याला हीच माणसं समोर हवी होती. बॅरिटोन सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी 1927 साली आला तो शेवटपर्यंत राहिला, आणि ड्यूक गेला त्याच वर्षी काही महिन्यांनी तोही गेला. जॉनी हॉजेस 1928 साली आला, मध्ये चारेक वर्षं स्वतःचा बँड काढायला बाहेर पडला, परत आला आणि 1970 साली मरेपर्यंत तिथंच होता. बिली स्ट्रेहॉर्न हा एलिंग्टनचा जवळचा सहकारी संगीतकार. त्याचं म्हणणं असं की, एलिंग्टन पियानो वाजवतो खरा, पण त्याचं खरं वाद्य म्हणजे त्याचा वाद्यवृंद.

आता मुलांना काय ऐकवावं? एलिंग्टनच्या नावावर रचना हजाराच्या वर आहेत आणि यूट्यूबवर एकेका रचनेची कितीतरी ध्वनिमुद्रणं पडलेली आहेत. मुलं नाव टाकतात आणि सगळ्यात वर येईल ते लावतात. कधी ते 1960च्या दशकातलं असतं, कधी दुसऱ्याच बँडचं, कधी एखाद्या शाळेच्या मुलांनी वाजवलेलं. शोधताना रचनेच्या नावापुढे वर्ष लिहायचं, ही सवय आधी लावावी लागते. ‘कन्सर्टो फॉर कूटी 1940’. चार अंक जास्त टाइप केले की ऐकायला योग्य माणूस मिळतो.

मी हीच रचना पहिली निवडतो, कारण तिच्या नावातच माणूस आहे. कूटी म्हणजे चार्ल्स ‘कूटी’ विल्यम्स, ट्रंपेटवादक. 15 मार्च 1940 रोजी ही तबकडी मुद्रित झाली. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावत, त्यामुळे सगळं काही तेवढ्यातच सांगायचं होतं. फ्रेंच समीक्षक आंद्रे ओदेर यांनी 1950च्या दशकातल्या आपल्या पुस्तकात या सव्वातीन मिनिटांवर अख्खं प्रकरण लिहिलं आणि जॅझमधली श्रेष्ठ कृती म्हणून तिचा गौरव केला. जॅझ म्हणजे मनाला येईल ते जागच्या जागी वाजवणं, अशी मुलांची समजूत असते. ओदेर यांनी नेमकं दाखवून दिलं की इथं उत्स्फूर्त वादनाला जवळजवळ वावच नाही. बहुतेक सगळं आधी बांधलेलं आहे, आणि तरी वाजवणारा प्रत्येक क्षणी मोकळा वाटतो. बंदिशीत पक्का बांधलेला गायक मोकळा कसा वाटू शकतो, हे आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्याला ठाऊक असतंच.

सुरुवातीला आठ आवर्तनांचा छोटा प्रवेश आहे. (त्यांच्या एका ‘बार’मध्ये चार मात्रा असतात. मी त्याला वर्गात आवर्तनच म्हणतो, मुलांना हाताच्या बोटांवर मोजता येतं.) मग कूटीचं मुख्य वाक्य येतं. असं सांगतात की, कार्यक्रमाआधी ओठ तापवायला कूटी एक तुकडा वाजवत असे, एलिंग्टननं तो ऐकला आणि त्यातून हे वाक्य घडलं. सूर फार हलत नाही. जवळच्या जवळ घोटाळतो, खाली झुकतो, पुन्हा त्याच जागी येतो. वाजवताना कूटीनं ट्रंपेटच्या तोंडावर रबरी कप घट्ट धरलेला आहे. हा कप म्हणजे मोरी तुंबली की आपण वापरतो तोच, लाकडी दांडा काढून टाकलेला. मुलांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग मात्र ती नीट कान देतात. बंद कपातून येणारा सूर बारीक, दाबलेला, थोडा सानुनासिक आहे, आणि बाकीचा सगळा बँड त्याच्याभोवती जपून पावलं टाकतो.

इथं मी थांबून मुलांना मोजायला सांगतो. गाण्याचं वाक्य आठ आवर्तनांचं, म्हणजे 32 मात्रांचं असावं ही तिथली रूढी. मुलं बोटं मोडत बत्तीसवर येतात आणि तिथं वाक्य संपत नाही. कूटी थांबतो, पण बँड आणखी थोडं बोलतो, आणि वाक्य दहा आवर्तनांवर, चाळिसाव्या मात्रेवर पूर्ण होतं. ही दोन जास्तीची आवर्तनं मला फार महत्त्वाची वाटतात. मुख्य गाणाऱ्यानं ओळ टाकली, मागच्या झीलकऱ्यांनी ती उचलून धरली आणि ती पुरती विरेपर्यंत गाणारा गप्प उभा राहिला, ही गोष्ट फडात रोज घडते. मात्र फडात ती रूढी म्हणून येते. एलिंग्टननं तिला रचनेच्या हाडात बसवलं. कूटीच्या बोलण्याला जेवढी जागा, तेवढीच त्याचं बोलणं ऐकून घेणाऱ्यांना. एकट्याची कलाबाजी दाखवण्यापुरती ही रचना असती, तर आठ आवर्तनं पुरली असती.

हेच वाक्य दुसऱ्यांदा येतं तेव्हा कूटी आवाजाला किंचित सैल सोडतो, कंप वाढवतो. मग आठ आवर्तनांचा मधला भाग येतो आणि ट्रंपेट गुरगुरू लागतो. कप आता उघडझाप करतोय, आणि फुंकताना कूटी घशातूनही आवाज काढतोय. एकाच नळीतून दोन आवाज. ढोलकी वाजवणारी मुलं इथं लगेच मान डोलावतात. ढोलकीच्या एका तोंडाचा आवाज तीक्ष्ण, सुराला लावलेला, आणि दुसऱ्याचा घुमारा. त्या घुमाऱ्यावर तळहाताची टाच दाबून सरकवली की आवाज वर चढतो, खाली घसरतो, बोलू लागतो. हाताच्या दाबानं सुराला वाकवणं ही गोष्ट त्यांच्या अंगात आधीच असते. ट्रंपेटच्या तोंडावरचा कप तेच काम करतो.

मुख्य वाक्य तिसऱ्यांदा येऊन गेलं की दोन आवर्तनांची वाट आणि पट्टी बदलते. रचना एफ स्वरात चालू होती, ती डी फ्लॅटमध्ये जाते. आपल्या पेटीवाल्याच्या भाषेत, पांढरी चारवरून काळी एकवर. आणि त्याच क्षणी कूटी कप बाजूला करतो. आतापर्यंत जो सूर चिमटीत धरला होता, तो एकदम भर छातीनं बाहेर येतो. सोळा आवर्तनं हा उघडा ट्रंपेट वाजत राहतो, रुंद, उजळ, लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देणारा. पट्टी खाली उतरलेली असते, तरी मुलं विचारल्यावर ‘वर गेलं’ असंच सांगतात. त्यांचं उत्तर मला चुकीचं वाटत नाही. आवाजाचा पोत उघडला की कानाला चढण जाणवते. एलिंग्टननं हा परिणाम नुसत्या स्वरांच्या उंचीतून मिळवला नाही. इतका वेळ कूटीला बंद ठेवून त्यानं ही जागा कमावली. ती येईपर्यंतचा संयम मुलांना दिसायला हवा, म्हणून मी ही सोळा आवर्तनं सुटी करून कधीच ऐकवत नाही. मोबाइलवर बोट सरकवून थेट ‘चांगल्या’ जागी जाणं फार सोपं आहे. पण तसं केलं की ती जागा साधीच वाटते.

मग पुन्हा पांढरी चार, पुन्हा कप, पुन्हा तेच पहिलं वाक्य. पण आता ते दहा आवर्तनांचं राहिलेलं नाही, सहांतच संपतं. सगळ्यांना ते पाठ झालेलं आहे, आता ते पुन्हा पुरं सांगायची गरज उरली नाही. पुढे दहा आवर्तनांचा समारोप आणि तबकडी संपते. मुलांच्या वहीत मी उभे रकाने पाडून घेतो : किती आवर्तनं, कप बंद की उघडा, गुरगुर आहे की नाही, मागे कोण बोलतंय. एवढं भरता आलं की रचनेचा नकाशा त्यांच्या हातात येतो आणि स्वरलिपी वाचता येत नाही याचं काही वाटेनासं होतं.

ही गुरगुर कूटीची स्वतःची नव्हती, हे सांगणंही मला आवश्यक वाटतं. 1920च्या दशकात बबर मायली नावाच्या ट्रंपेटवाल्यानं ती एलिंग्टनच्या बँडमध्ये आणली. ट्रॉम्बोनवर ट्रिकी सॅम नँटन तिचा उस्ताद होता. 1929 साली मायली बँड सोडून गेला आणि त्याच्या खुर्चीवर कूटी आला. असं वाजवायला पाहिजे, असं त्याला कोणी सांगितलं नाही. शेजारी ट्रिकी सॅम रोज रात्री वाजवत होता, ते ऐकता ऐकता कूटीला उमगलं की या खुर्चीचं कामच हे आहे. वर्ग नाही, धडा नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात विठाबाई लहानाच्या मोठ्या झाल्या, त्या याच रीतीनं. वडील आणि काका फडाचे मालक, घर म्हणजे फड आणि शाळाही फडच. पुढे त्या फडाची ओळखच विठाबाई झाल्या, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा एका प्रकारच्या तमाशाची एक पिढी संपली. त्यांच्या मुलींनी आणि पुढच्या पिढीनं फड चालू ठेवले. कुणाला काय येतं आणि ते कुणाकडून आलं, हे या घरात सांगून कळत नाही, पाहून कळतं.

यूट्यूबवर मुलं हे पाहू शकतात, ही आपल्या काळाची मोठी सोय आहे. 1929 सालची ‘ब्लॅक अँड टॅन’ ही छोटी फिल्म सहज सापडते. तिच्यात तरुण एलिंग्टन आहे, त्याचा बँड आहे, गुरगुरणारे ट्रंपेट-ट्रॉम्बोन आहेत. न्यूयॉर्कच्या जॅझ अॅट लिंकन सेंटरनं 1990च्या दशकाच्या मध्यापासून ‘इसेन्शियली एलिंग्टन’ नावाचा उपक्रम चालवला आहे. माध्यमिक शाळांच्या बँडना एलिंग्टनच्या रचनांच्या स्वरलिपी फुकट देतात, ट्रंपेटवादक विन्टन मार्सालिस आणि त्यांचे वादक मुलांबरोबर तालीम करतात, आणि त्याचे कितीतरी व्हिडिओ उघडे आहेत. अमेरिकेतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं कूटीची ओळ वाजवताना घाम गाळतात, कप नीट धरता येत नाही म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा थांबवतात. आमच्या मुलांना या व्हिडिओंनी जो धीर दिला तो माझ्या कोणत्याही भाषणानं दिला नसता.

एक अडचण मात्र खरी आहे. ती रेंजची नव्हे. डिंभ्याच्या पलीकडे भीमाशंकरच्या बाजूला रेंज जाते-येते, पण गाणं आधी उतरवून घेता येतं. अडचण मोबाइलच्या स्पीकरची आहे. एलिंग्टनच्या सुरावटीचा पाया बहुतेकदा हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनमध्ये असतो, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये तो खर्ज उमटतच नाही. वरचे सूर ऐकू येतात, तळ गायब होतो. मुलं म्हणतात, छान आहे, पण पातळ आहे. म्हणून आम्ही गावच्या भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणतो. त्यावर तीच तबकडी लावली की वर्गात शांतता पसरते आणि कुणीतरी विचारतं, ‘सर, हे मगाशी नव्हतं?’ मगाशीही होतं. कार्नी तेव्हाही वाजवत होता.

यानंतर मी ‘मूड इंडिगो’ लावतो, 1930 सालचं पहिलं मुद्रण. ही रचना ऐकायला अगदी सोपी, संथ, जवळजवळ कुजबुजलेली. सुरुवातीला तीनच वाद्यं एकत्र सूर धरतात : म्यूट लावलेला ट्रंपेट, म्यूट लावलेला ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट. रूढी अशी होती की क्लॅरिनेट वर, ट्रंपेट मध्ये, ट्रॉम्बोन खाली. एलिंग्टननं ट्रंपेट वर ठेवला, ट्रॉम्बोनला त्याच्या उंच पट्टीत चढवून ट्रंपेटच्या लगेच खाली आणलं, आणि क्लॅरिनेटला थेट तळघरात उतरवलं, त्याच्या सगळ्यात खोल, लाकडी आवाजात. ट्रंपेटवर आर्थर व्हेटसेल, ट्रॉम्बोनवर ट्रिकी सॅम आणि क्लॅरिनेटवर बार्नी बिगार्ड. त्या तिघांच्या मिश्रणातून एक चौथाच आवाज निर्माण होतो, कुठल्याही वाद्याचा नसलेला. लग्नाच्या वरातीतला बँड मुलांनी पाहिलेला असतो, तिथं क्लॅरिनेट गाण्याची चाल वाजवत सगळ्यांच्या वर नाचत असतं. तेच वाद्य इतकं खाली, इतकं गंभीर बोलू शकतं, हे त्यांना नवं असतं. पण तिथंही मी सांगतो की, ही जागा क्लॅरिनेटला मिळाली याचं कारण बिगार्ड होता. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या शाळेत शिकलेल्या बिगार्डचा खालचा सूर असा भरदार होता की त्यावर बाकीचे दोघे उभे राहू शकले.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती टाळून एलिंग्टन शिकवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. वादकांच्या तोंडून निघालेले तुकडे एलिंग्टनच्या रचनांत जात आणि तबकडीवर नाव ड्यूकचं येई. ‘मूड इंडिगो’च्या चालीत बिगार्डचा वाटा होता. ‘कन्सर्टो फॉर कूटी’चं बीज कूटीचं. हॉजेसच्या तुकड्यातून घडलेलं गाणं सुरू झालं की तो मंचावरूनच ड्यूककडे पाहत बोटांनी नोटा मोजल्याची खूण करत असे, असं बँडमधली माणसं सांगत. आणि 1941 साली मुद्रित झालेलं, पुढे बँडची ओळखच बनलेलं ‘टेक द ए ट्रेन’ स्ट्रेहॉर्ननं लिहिलेलं आहे. लोक आजही ते एलिंग्टनचं समजतात. मुलांना हे सांगितलं की वर्गात वाद पेटतो, आणि पेटावाच. लावणीच्या शेवटच्या कडव्यात पठ्ठे बापूरावांसारखा शाहीर आपलं नाव गुंफतो. नाममुद्रा असते, त्यामुळे कवी विसरला जात नाही. पण त्या लावणीला ज्या ढोलकीवाल्यानं चाल दिली, ज्या बाईनं तिच्यातली एक जागा अशी घेतली की पुढच्या सगळ्यांनी तशीच घेतली, त्यांची नावं कुठल्या कडव्यात आहेत? एलिंग्टननं माणसांची नावं कागदावर लिहिली, आणि त्याच माणसांची नावं तबकडीवरून गळली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं मत विचाराल तर, इतक्या वेगवेगळ्या माणसांमधून एकजीव वाक्य घडवणं हे ड्यूकचंच काम होतं, कूटीचा तुकडा त्याच्याशिवाय ओठ तापवण्यापुरताच राहिला असता. पण कूटीशिवाय ड्यूकला तो सुचलाही नसता, आणि हे तबकडीवर लिहायला हवं होतं.

डिसेंबर 1927 मध्ये एलिंग्टनचा बँड हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये रुजू झाला. क्लब काळ्यांच्या वस्तीत, मंचावर सगळे काळे कलावंत, आणि खुर्च्यांवर फक्त गोऱ्या गिऱ्हाइकांना प्रवेश. तिथून होणाऱ्या रेडिओ प्रसारणांनी एलिंग्टन देशभर पोचला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांत दौरे करताना तिथल्या हॉटेलांत काळ्यांना खोल्या मिळत नसत, म्हणून त्यानं रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्यानं घेतले. बँड तिथंच झोपे, तिथंच जेवे. फडांचा इतिहास ठाऊक असणाऱ्या मुलाला यावर टीप लागत नाही. रात्री ज्या बाईच्या अदेवर फेटे उडाले, तिला दिवसा त्याच गावात पाणी कुठं मिळालं नि कुठं नाही, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. भाऊ-बापूंच्या फडाच्या नावातच त्यांची जात होती, ती त्यांनी झाकली नाही. 23 जानेवारी 1943 रोजी एलिंग्टननं कार्नेगी हॉलमध्ये आपल्या लोकांचा इतिहास सांगणारी दीर्घ रचना सादर केली, तिचं नाव होतं ‘ब्लॅक, ब्राऊन अँड बेज’. कातडीचे रंग त्यानं शीर्षकातच मांडले. फडाचं आणि या रचनेचं, ही दोन नावं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि मुलांना बोलू देतो.

शेवटी एक तबकडी हिंदुस्थानाशी नातं असलेली. 1963 साली अमेरिकन सरकारनं एलिंग्टनचा बँड दौऱ्यावर पाठवला. पश्चिम आशियातून तो इकडे आला, दिल्ली, मद्रास, मुंबई, कलकत्ता अशा शहरांत त्याचे कार्यक्रम झाले, आणि पुढे तुर्कस्तानात असताना राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी आली तेव्हा दौरा थांबला. दौऱ्यात ऐकलेलं लगेच उचलून लिहायचं नाही, आधी मुरू द्यायचं, असा ड्यूकचा विचार होता. सतार-तबला जोडून ‘पौर्वात्य’ रंग भरणं त्याला सोपं होतं. ते त्यानं केलं नाही. काही भाग 1964 मध्ये वाजवले गेले, आणि पूर्ण ‘फार ईस्ट स्वीट’ डिसेंबर 1966 मध्ये मुद्रित झाली. तिच्यात ‘आग्रा’ आहे, ती कार्नीच्या बॅरिटोनसाठी. आणि ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ आहे. दिल्लीच्या मुक्कामात स्ट्रेहॉर्नला एका साळुंकीची शीळ पुन्हा पुन्हा ऐकू येत असे, तीच या रचनेचं बीज.

साळुंकी आमच्या मुलांना काय नवी! मंचरच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, उसाच्या पाचटात, सगळीकडे तीच. मुलं आधी रचना ऐकतात, मग बाहेर जाऊन साळुंकी ऐकतात, मग परत रचना. जिमी हॅमिल्टनचं क्लॅरिनेट ती शीळ घालत राहतं, आणि खाली बँड आपल्या चालीनं चालतो, पक्ष्याकडे फारसं लक्ष न देता. हा तोल मला फार आवडतो. पक्ष्याची नक्कल करून टाळी मिळवणं इथं हेतूच नाही. दिल्लीच्या एका खोलीत बसलेल्या माणसाच्या कानावर जे पडत होतं, ते तसंच ठेवलं आहे : जवळ एक जिद्दी शीळ आणि मागे शहराचा अखंड चाललेला व्यवहार.

इथं एका मुलानं मला विचारलं की, हे कूटीला का नाही दिलं? तो तर कपानं काहीही बोलवू शकतो. प्रश्न अगदी बरोबर होता, कारण कूटी तेव्हा बँडमध्येच होता. 1940च्या अखेरीस तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला, पुढे स्वतःचा बँड काढला, आणि 1962 साली परतला. ‘फार ईस्ट स्वीट’च्या मुद्रणात ट्रंपेटच्या रांगेत तो बसलेला आहे. मी मुलांनाच उत्तर शोधायला लावलं. त्यांनी ‘कन्सर्टो’ पुन्हा लावली, मग हॅमिल्टन पुन्हा. बराच वेळ वाद झाला. ढोलकी वाजवणाऱ्या मुलीचं म्हणणं पडलं की, कूटीची साळुंकी चिडलेली झाली असती, हॅमिल्टनचा सूर स्वच्छ आहे, गोल आहे, त्यात घसा येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं की कूटीनं वाजवली असती तर सगळ्यांनी कूटीलाच ऐकलं असतं, पक्ष्याला नाही. मग त्यांनी वहीत नवा रकाना पाडला, त्यावर लिहिलं ‘हेच दुसऱ्यानं वाजवलं असतं तर’, आणि ‘आग्रा’ लावायला सांगितलं.